आठ चुली

आमची वसाहत फौजींनी बांधली, आणि चुकली तीही फौजींसारखीच, एका सरळ रेषेत. नेकनूरहून बीडला जाताना रस्त्याच्या कडेला एक मुरमाड माळ लागतो. आज तिथे पाण्याची टाकी आहे, दोन किराणा दुकानं आहेत, मोबाइल दुरुस्तीचं एक खोकं आहे, पण एस.टी.चे जुने कंडक्टर अजूनही 'मिलिट्री लाइन' असं ओरडूनच घंटी मारतात. त्या माळावर दहा घरं ओळीत उभी आहेत, दोरी लावून बांधलेली. शेवटच्या घराच्या कोपऱ्याशी एक डोळा मिटून उभं राहिलं तर मधलं एकही घर बोटभरसुद्धा पुढे आलेलं दिसत नाही. माझ्या वडिलांना, आमच्या दादांना, त्या रेषेचा शेवटपर्यंत अभिमान होता. त्या रेषेपायी माझ्या आईला काय करावं लागलं हे विचारलं की मात्र ते चष्मा पुसायला घेत. म्हणून ते मी लिहून ठेवते आहे. माझा स्वभाव तापट आहे, आणि या प्रकरणात तो लपणार नाही.

दादा हवालदार म्हणून फौजेतून सुटले ते ऐन मोठ्या दुष्काळात. काळी पत्र्याची पेटी, एक घोंगडी, पितळेचा एक तांब्या आणि कडक चालण्याची सवय एवढं घेऊन ते गावाबाहेरच्या बौद्धवाड्यात परत आले. तिथे चुलत्यांच्या एका खोलीत आणि पडवीत आम्ही अकरा माणसं राहत होतो. दादा रात्री पाय लांब करत तर चुलत्यांच्या डोक्याला लागत. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ते तांब्यात चुलीतले निखारे भरायचे आणि त्या तांब्याने खाकी सदऱ्याची घडी बसवायचे. चुलती म्हणायची, "भाऊजी, कपड्याला एवढं जपताव, जायचं कुटं हाय?" तेव्हा जायला खरंच कुठे नव्हतं. बीडच्या सैनिक बोर्डात त्यांनी इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्यांना नावाने ओळखू लागला. शेवटी बोर्डाच्या चिठ्ठीवर एका सहकारी साखर कारखान्यात चौकीदाराची नोकरी मिळाली. कारखान्याचं धुराडं मात्र थंड होतं, कारण ऊसच नव्हता. पाखरांशिवाय कुणी आत-बाहेर न करणाऱ्या त्या फाटकावर दादा दिवसभर ताठ उभे राहत. एकदा मी विचारलं, कुणी बघत नाही तर बसत का नाही? ते म्हणाले, "मी तर बघतो की."

माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी शाळेतून सुटले की तिच्याकडे जायचे, कारण तिथे मुलांना खायला सुकडी मिळायची. शेकडो हातोड्यांचा तो आवाज लांबून ऐकू यायचा, आणि जवळ गेलं की त्या आवाजात कुणाचं बोलणं कळायचं नाही. बायका खुणांनी बोलायच्या. घरी रेशनवरचा मिलो, परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर तुटायची आणि ताटात पडल्यावर तर विचारूच नका. सोबत हुलग्याचं पातळ माडगं. मला अजून मिलोचा वास आठवला की पोट भरल्यासारखं वाटतं, भूक मात्र जात नाही.

बोर्डातच कुणीतरी दादांना सांगितलं की दहा माजी सैनिकांनी मिळून घरबांधणीची सहकारी संस्था काढली तर सरकार जागा देतं. झालं! दादांना मोहीम मिळाली. त्यांनी पार चौसाळ्यापर्यंत सायकल मारून दहा माणसं गोळा केली. मराठा होते, वंजारी होते, धनगर होते, एक उस्मानचाचा होते, आणि आम्ही. माळावरची जागा मंजूर झाल्यावर गावातल्या एका शहाण्याने सुचवलं की हवालदाराचं घर ओळीच्या शेवटी ठेवा, म्हणजे कुणाला अडचण नको. त्यावर नाईक ज्ञानोबा, पक्का मराठा गडी, चावडीवरच कडाडला, "लाइन हुद्द्यानं लागत असती बे! हवालदारसाब पयले, म्या दुसरा. ज्याला अडचन हाय त्यानं भरती व्हायचं हुतं." असा आमचा नंबर एक आणि त्यांचा नंबर दोन. मी त्या दिवसापासून ज्ञानोबाकाकांवर फार खूश होते, आणि त्यामुळेच पुढे माझी जास्त निराशा झाली.

घरं त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली. गवंडी लावला नाही. "बंकर खनलेत आमी, चार भिंती काय अवघड हायत?" असं सगळे म्हणायचे. डोंगरातून दगड, माळाची माती, आणि तीन कोसांवरच्या विहिरीतून बैलगाडीने आणलेलं गढूळ पाणी. दादा कारखान्याची पाळी संपवून यायचे आणि दोरी धरून उभे राहायचे. सगळी दारं रस्त्याकडे, सगळी एका मापाची, कारण फौजेत बराकीचं दार रस्त्याकडेच असतं. बायका तेव्हा खडी फोडत होत्या. दहांपैकी एकाही पुरुषाला घरी काही विचारावं असं वाटलं नाही. साधा गवंडी असता तरी त्याने पहिला दगड ठेवायच्या आधी तोंड कुठल्या दिशेला ते विचारलं असतं.

पत्रे चढले तेव्हा बाजारच्या सुटीला सगळ्या बायका घरं बघायला आल्या. ज्ञानोबाकाकांची बायको गयाबाई रस्त्यावरच थांबली. ती तेव्हा पोटुशी होती, पदर पोटावर घट्ट धरलेला. तिने विचारलं, "दार कुनीकडं केलंय?"

"रस्त्याकडं," काका छाती काढून म्हणाले.

"आन् रस्ता कुनीकडं हाय?"

काकांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि त्यांची छाती हळूहळू आत गेली. रस्ता दक्षिणेला होता. दहाही दारं दक्षिणेकडे उघडत होती, जिकडे यमाचं घर म्हणतात आणि जिकडे आमच्या भागात कुणी जनावराच्या गोठ्याचंसुद्धा तोंड ठेवत नाही. गयाबाईने पाऊल आत टाकलं नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या सात जणींनीही टाकलं नाही. उस्मानचाचांची हमीदाबी तेवढी आत जाऊन भिंतीला हात लावून आली. "हमकू क्या, दरवाजा किधर बी हो. निमाज तो पच्छिमकू पढना हय," ती म्हणाली आणि तिने केरसुणी मागितली.

ज्ञानोबाकाकांनी मागच्या बाजूने दार फोडून बघितलं. पहारीच्या चौथ्या घावाला वरचे दोन दगड निसटले आणि पत्रा वाकला. मातीतलं ओलं बांधकाम अजून धरलेलं नव्हतं, आणि नवीन गारा करायला पाणी कुठून आणणार? त्यातच तहसिलातून पत्र आलं. तालुक्यात काहींनी जागा घेऊन घरं रिकामी ठेवली होती म्हणे, म्हणून साहेब स्वतः तपासणीला येणार होते. दहाही घरांत माणसं राहती आणि चुली पेटत्या दिसल्या पाहिजेत. एक जरी घर रिकामं सापडलं तरी संस्थेची सगळी जागा परत घेणार. पंधरा दिवस हातात होते. दादांनी सगळ्यांना माळावर गोळा करून फर्मान सोडलं की उद्या सकाळी दहाही कुटुंबं हजर झाली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी दहा पुरुष वेळेवर हजर होते. बायकांपैकी फक्त माझी माय आणि हमीदाबी. दादा पहिल्यांदाच थकलेले दिसले मला. चुलत्यांच्या पडवीत परत जायचं म्हणजे त्यांच्यासाठी हार होती, आणि माझ्यासाठी शाळा सुटणं, कारण चुलते मला मायबरोबर खडीवर धाडा म्हणून केव्हापासून मागे लागले होते.

आम्ही राहायला गेलो. खोटं कशाला सांगू, उंबऱ्यात माय क्षणभर थांबली. आम्ही धर्म बदलला तेव्हा दिशा, मुहूर्त सगळं सोडलं होतं, पण लहानपणी ऐकलेलं काही असं झटकून जात नाही. मग तिने बुद्धाची तसबीर खिळ्याला लावली, पदर खोचला आणि चूल पेटवली. संध्याकाळी ती म्हणाली, "सुमे, चल. गयाबाईकडं जाऊ."

गयाबाई गावात सासऱ्यांच्या घरी होती. तिने आम्हाला अंगणात बसवलं, आत नाही. बराच वेळ ती ज्वारीतले खडे निवडत राहिली. मग तोंड वर न करता बोलली, "सोनाबाई, माजी दोन लेकरं गेली. एक सव्वा म्हयन्याचं, एक बोलाया लागलं हुतं. हे तिसरं. मला हट न्हाई करायचा, मला भ्या वाटतंय." तिचे डोळे कोरडे होते, आणि खड्यांबरोबर ती चांगले दाणेही फेकत होती. माझ्या मनात तिच्याविषयी पहिल्यांदाच माया आली; आणि तेवढ्यात ती पुढचं बोलली. "तुमी दिशा मानत न्हाई. तुमी आदी माज्या घरात जावा. पयली चूल तुमी पेटवा, तुमीच रांधा. मग जे काय यायचं आसंल ते तुमच्यावर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मी ताडकन उठले. ज्या बाईने आम्हाला अंगणाच्या आत घेतलं नाही, तिला तिच्यावर येणारं मरण झेलायला माझी आई हवी होती! मी काहीतरी तोडून बोलणार होते, पण मायने माझा हात धरून मला खाली बसवलं. खडी फोडून तिची पकड पुरुषासारखी झाली होती. ती म्हणाली, "पेटवते की. पन येक हाय. मी भाकर करीन, ती तू खायची. माज्यासमोर बसून."

गयाबाईचा हात सुपात थांबला. दारातून सगळं ऐकणारे ज्ञानोबाकाका पुढे आले, "वहिनी, मी खातो की. फौजेच्या लंगरमधी हवालदारसाबाच्या ताटाला ताट लावून जेवलेलो हाय मी." गयाबाईने नवऱ्याकडे असं बघितलं, जणू तिला हे आजच कळत होतं, आणि ते खरंच होतं. चावडीवर कडाडणाऱ्या माणसाने इतक्या वर्षांत घरी एवढं एक सांगितलं नव्हतं.

"तुमचं न्हाई," माय म्हणाली. "तुमी खाल्लेलं मला ठावं हाय. तिचं बोलते मी."

परत येताना मी वाटभर तणतणत होते. ती तुला ढाल करते आहे, तुला कळत नाही का, वगैरे. माय म्हणाली, "कळतंय. खडी फोडली म्हनून डोस्कं फोडून घेतलं न्हाई मी. तिला लेकरू पायजे, मला घर पायजे. आन् घराबरोबर शेजार बी पायजे. नुसत्या भिंती घेऊन काय करू?" दादांना कळलं तेव्हा ते लाल झाले. "माझी बायको कुनाचा अपशकुन झेलायला न्हाई," एवढंच म्हणाले. माय म्हणाली, "तुमची लाइन सरळ हाय, दारं मी बघते."

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई आली आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. मायने काही विचारलं नाही. आमच्या चुलीतली जळती गोवरी तिने पळीवर घेतली आणि नंबर दोनमध्ये गेली. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन. चूल पेटली, धूर नवीन पत्र्याला लागून दारातून बाहेर आला. मायने मिलोचं पीठ गरम पाण्यात मळलं, दोन भाकरी केल्या. त्या दिवशी एकही तुटली नाही, हे मी शपथेवर सांगते. मग तिने भाकरीवर ठेचा ठेवला, ताट दारासमोर सरकवलं आणि म्हणाली, "या आता."

गयाबाई उंबरा ओलांडताना डोळे मिटून होती. बसली. घास मोडला. आम्ही सगळ्या तिच्या हाताकडे बघत होतो, दारात हमीदाबी, मागे तोवर जमलेल्या त्या सात जणी. फक्त माय तिच्या तोंडाकडे बघत होती. गयाबाईने घास तोंडात घातला, चावला, आणि बराच वेळ तो गिळला नाही. मग गिळला. आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

दुष्काळ लागल्यापासून मायला मी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती पोट धरून हसली. "मग उद्या तू कर!" ती म्हणाली. गयाबाईने दोन्ही भाकरी संपवल्या.

पुढच्या दिवसांत उरलेल्या सातही जणींनी मायला बोलावलं. गयाबाईला काही झालं नाही म्हणजे आपल्यालाही होणार नाही असा त्यांचा हिशेब, पण पहिली चूल सोनाबाईनेच पेटवायची. अट सगळीकडे तीच. पाचव्या नंबरच्या बाईने भाकरी पदराखाली घेतली आणि मागे जाऊन शेळीला घातली. मी पाहिलं आणि मायला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती दुसऱ्या दिवशी खडीवर गेलीच नाही. सकाळीच त्या घरी गेली, परत भाकरी केली आणि दारात पाय पसरून बसली. "माजं काय, आज खाडा हाय. तुमचं सावकाश हुंद्या." दुपार कलली तेव्हा त्या बाईने भाकरी खाल्ली, आणि शेळी बिचारी बघत राहिली.

तपासणीच्या सकाळी दहा घरांतून दहा धूर निघत होते. साहेब जीपमधून उतरले, ओळीच्या टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, "वा, लाइन एकदम सरळ आहे." दादांनी खाडकन सलाम ठोकला. दारांच्या दिशेबद्दल साहेब एक शब्द बोलले नाहीत. जागा कायम झाली. गयाबाईला मुलगा झाला आणि तो जगला. पुढे तिची आणि मायची अशी गट्टी जमली की दोघी संध्याकाळी आमच्या पायरीवर दक्षिणेकडे तोंड करून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी. मोजायच्या. मी शिकले, बीडला मास्तरीण झाले, निवृत्त झाले. आणि लाइनमध्ये एक रीत पडून गेली: कुणी नवी खोली काढली, माडी चढवली, की पहिली चूल आमच्या घरच्या बाईने पेटवायची. आता लोक त्याला 'शुभ हात' म्हणतात. ढाल होती हे कुणाला आठवत नाही.

मला आठवतं. मायने म्हातारपणी एकदाच, जेवता जेवता, सहज म्हटलं होतं, "आठ घरी रांदलं सुमे, पन 'तू बी बस' असं येकीनं बी म्हनलं न्हाई." तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या आठही दिवशी तिला खडीवर जायचं असो की खाडा पडलेला असो, ती भाकरी रांधून उपाशीच बाहेर आली होती. मीच तर तांब्या घेऊन तिच्यामागे असायचे. मलाही सुचलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गयाबाईच्या नातवाने माडी बांधली. तोही फौजेत आहे. त्याची बायको प्रतीक्षा मला न्यायला रिक्षा घेऊन आली. ओटा चकचकीत, शेगडी काचेची. ती म्हणाली, "मावशी, बटण दाबा आणि दूध उतू जाऊ द्या, झालं." मी म्हटलं, नाही, भाकरी करायची आणि ती तू माझ्यासमोर खायची, अशी अट आहे. कशाची अट? तिला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं. मग मी पीठ मळता मळता सगळं सांगितलं. दिशा, अंगण, वाक्य अर्धं सोडणं, शेळी, सगळं. तिच्या आजेसासूबद्दल बोलते आहे याची भीड ठेवली नाही. मायचं ते म्हातारपणीचं वाक्यही सांगितलं. मुलीने दुधाचं पातेलं बाजूला सरकवलं. मला वाटलं, चांगल्या दिवसावर आपण विरजण घातलं. आणि तरी वाईट वाटलं नाही.

मी भाकरी तिच्या ताटात वाढली. तिने ती हातात घेतली, बरोबर मधोमध मोडली आणि फडताळातून दुसरं ताट काढलं. अर्धी त्यात ठेवून ते ताट तिने माझ्यासमोर सरकवलं.

"तुम्ही पण बसा, मावशी. त्याशिवाय मी खाणार नाही."

मी हात धुतले आणि बसले.